रोझमेरी ऑगस्टमध्येच का मरते?

ताई, तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून मला काय समजलं ते आधी सांगतो. तुम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर राहता, गॅलरी पश्चिमेची. मार्चमध्ये नर्सरीतून रोझमेरी, थाइम, बेझिल आणि ओरिगॅनो आणलं, पुदिना बाजारच्या जुडीतून लावला. पुदिना माजलाय. बेझिलला तुरे आलेत आणि पानं कडवट लागतात. थाइम कसंबसं तग धरून आहे. रोझमेरी ऑगस्टमध्ये शेंड्याकडून तपकिरी होत गेली आणि मेली. ओरिगॅनोची पानं जाड, लवदार निघाली आणि पिझ्झ्यावर टाकली तेव्हा पोरांनी तोंडं वाकडी केली. शिवाय पिंपळगावजवळ सासऱ्यांनी अर्धा एकर जुनी द्राक्षबाग काढलीय, तिथे हेच लावावं का, असं विचारलंय.

मी नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या बाजूला गेली 16 वर्षं हा पाला पिकवतो. 'पाला' हा आमच्याकडच्या बायांचा शब्द. हॉटेलवाले हर्ब म्हणतात. त्याआधी आमच्याकडेही द्राक्षच होतं. गंगापूर धरणाच्या अंगाला वाइनऱ्या आणि रिसॉर्ट वाढले, त्यांच्या स्वयंपाकघरांना हा माल मुंबईहून यायचा आणि कसारा घाट चढेपर्यंत मान टाकायचा. त्यातून माझी सुरुवात झाली. हे सगळं हात पोळून शिकलेलं आहे, त्यामुळे कुठे जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

तुम्ही आणलेली पाचही झाडं एकाच कुळातली आहेत, आणि घोळ नेमका तिथे होतो. हे पुदिन्या-तुळशीचं कूळ, शास्त्रात लॅमिएसी. ओळखायची खूण सोपी आहे. कोवळी काडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. कोथिंबिरीच्या देठासारखी गुळगुळीत फिरत नाही, कोपरे बोटाला लागतात. काडी चौकोनी, पानं समोरासमोर, आणि पानांची प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. फूल पाहिलंत तर त्याला वरचा ओठ आणि खालचा ओठ दिसेल. आपल्या ओळखीचे यात पुष्कळ आहेत: तुळस, सब्जा, पुदिना, गजऱ्यातला मरवा, पाच. कोथिंबीर, शेपू, जिरं, ओवा हे मात्र दुसऱ्या घरचे. मरव्याशेजारी टोपलीत बसणारा दवणाही यातला नाही, तो शेवंतीच्या कुळातला. आणि गंमत म्हणजे 2017 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीचा वेगळा वंश मोडून तिला सेजच्या वंशात, साल्व्हियात, नेऊन बसवलं. वजन कमी करायला लोक जो चिया पितात, तोही साल्व्हियाच. म्हणजे कागदावर रोझमेरी आणि चिया आता सख्ख्या बहिणी.

कूळ एक असलं तरी माहेर वेगळं आहे. रोझमेरी, थाइम, सेज, ओरिगॅनो ही भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांवरची. तिथे जमीन चुनखडीची, खडकाळ, उतारावरची, आणि पाऊस पडतो हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. पुदिना मूळचा ओढ्याकाठचा, पाय ओले ठेवून जगणारा. बेझिल उष्ण देशातलं, त्याला पाणीही हवं आणि ऊबही. तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना एकेक तांब्या घालते. ताई, त्याच तांब्यानं पुदिना माजला आणि त्याच तांब्यानं रोझमेरी गेली.

लोकांना वाटतं हे 'थंड हवेचं झाड', म्हणजे नाशिकचा उन्हाळा त्याला मारणार. तसं होत नाही. एप्रिल-मेच्या 40 अंशातही माझी रोझमेरी उभी असते, थोडी रुसते, वाढ थांबवते, पण मरत नाही. तिला मारतो पावसाळा. तिच्या माहेरी माती ओली असते तेव्हा हवा गार असते. आपल्याकडे माती ओली असते तेव्हा हवा उबदार. मुळांनाही श्वास लागतो, आणि ऊब वाढली की जास्त लागतो. उलट कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात माती आठ-दहा दिवस पाण्यानं भरून राहिली की मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरश्या चढतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पानं तपकिरी, कोरडी दिसतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. तो आणखी पाणी घालतो. तुम्हीही घातलं असणार.

खात्री करायची असेल तर मेलेली रोझमेरी अजून टाकू नका. कुंडीतून उपटा, मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एक मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहिला, तर कुजच. मुळं घट्ट आणि पांढरट असतील तर माझं निदान चुकलं, मला पुन्हा लिहा.

माझीच गोष्ट सांगतो. 2011 च्या जूनमध्ये मी 400 रोपं एकदम आणली. द्राक्षवाल्याचा हात, त्यामुळे काळ्या मातीचे छान गादीवाफे, भरपूर शेणखत, ठिबक. जुलैत अशी वाढली की शेजारचे बघायला आले. ऑगस्टमध्ये झड लागली, दहा दिवस सूर्य नाही. काळी माती फुगली, भेगा मिटल्या, हवा जायला जागा उरली नाही. महिनाअखेरीस 400 पैकी जेमतेम 30 उरली, आणि ती कुठली, तर बांधाच्या कडेला, जिथे मुरूम वर आलाय आणि जिथे माझ्या मते जमीन हलकी म्हणून मी उरलीसुरली मरतुकडी रोपं खोचली होती. त्या 30 रोपांच्याच काड्यांवर आजचं शेत उभं आहे. नर्सरीवाल्याला तेव्हा मी खूप शिव्या घातल्या होत्या. त्याचा काही दोष नव्हता.

आता कुंडीचं. मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची नको; मातीच्या अंगातून पाणी उडतं. दोन भाग चाळलेला मुरूम, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, एक भाग साधी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत. मुरूम मिळाला नाही तर क्रशरची खडी, पण धूळ चाळून. आपल्या मुरमात चुन्याचे पांढरे खडे असतात, त्यांना घाबरू नका, या झाडांना ते चालतात. तळाशी खडीचा थर देण्याची एक पद्धत आहे, तिचा उपयोग नाही. पाणी वरच्या बारीक मातीतच अडकून बसतं, खडीपर्यंत उतरत नाही. भोकावर एक खापरी पुरे. आणि कुंडीखालची ताटली काढून टाका.

नर्सरीतलं रोप कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यात वाढवलेलं असतं. तो गोळा तसाच मुरमात बसवला तर गोळा ओला आणि भोवती कोरडं, अशी गत होते. लावताना बोटांनी बाहेरचं कोकोपीट हलकेच मोकळं करा, थोडी मुळं तुटली तरी चालतील. पाणी घालायचं ते वार बघून नाही. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर भरपूर, भोकातून निघेपर्यंत. जड लागली तर हात मागे.

तुमची गॅलरी पश्चिमेची आहे, म्हणजे दुपारनंतरचं ऊन मिळतं, ते उत्तम. पण आपला पाऊसही तिकडूनच तिरपा येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोझमेरी, थाइम, ओरिगॅनो भिंतीला चिकटवा किंवा खिडकीच्या आत घ्या. त्या चार महिन्यांत आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी, तेही उचलून बघूनच. नाशिक शहरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तरी ही गत. माझ्या ओळखीतल्या एकानं इगतपुरीत उघड्यावर थाइम लावलं होतं, जिथे 3000 मिलिमीटरच्या पुढे पडतो. त्याबद्दल काही बोलायला नको.

छाटणीबद्दल मात्र थांबून बोलतो, कारण तुमचं सासर द्राक्षवाल्यांचं आहे आणि चूक तिथूनच येणार. द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी तुम्ही पाहिली असेल. वेल भुंडी करतात, एक-दोन डोळे ठेवतात, आणि पंधरवड्यात हिरवीगार फूट येते. जुन्या लाकडातून फुटायची ताकद द्राक्षात आहे. रोझमेरीत ती जवळपास नाही. थाइम, सेज आणि लॅव्हेंडरचं तेच. जिथे पान उरलेलं नाही अशा तपकिरी लाकडापर्यंत कापलंत तर ती फांदी पुन्हा हलत नाही. माझ्याकडे एकदा एक अनुभवी छाटणीवाला गडी आला, मी घरी नव्हतो, आणि त्यानं मायेनं दोन ओळी खरडून ठेवल्या. अशी स्वच्छ, देखणी छाटणी मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यातलं एकही झाड पुन्हा फुटलं नाही. म्हणून कायम हिरव्यातच कापा, एका वेळी तिसरा हिस्सा, आणि वारंवार. न कापता वर्षभर वाढू दिलं की खालून लाकूड होतं, मग कापायला हिरवं उरत नाही.

वासाचं एक गुपित. या झाडांचं तेल बहुतेक पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. भिंग घेऊन थाइमचं पान उजेडात धरा, चकाकणारे ठिपके दिसतील. हात लागला की त्या फुटतात, म्हणून नुसतं कुरवाळलं तरी वास येतो. झाडाला थोडा ताण असला, ऊन कडक आणि पाणी-खत बेताचं, की वास दाट होतो. युरिया आणि पाणी ओतलं की पाला वाढतो आणि वास पातळ होतो. सुरुवातीच्या काळात एका शेफनं माझी हातभर लांब, लुसलुशीत रोझमेरी नाकाला लावली आणि विचारलं, 'हे गवत कशाचं आहे?' पैसे दिले, पण पुढची ऑर्डर तीन महिने आली नाही.

आता तुमच्या ओरिगॅनोकडे येऊ. पान जाड, गुबगुबीत, लवदार, मोडलं तर पाणी सुटतं, कडा करवती, वास ओव्याचा? मग तो पानओवा आहे. आपल्याकडे ज्याच्या पानांची भजी करतात तो. नर्सरीवाल्यानं फसवलंच असं नाही. या झाडाला इंग्रजीतसुद्धा कुठल्या ना कुठल्या देशाचा ओरिगॅनो म्हणायची पद्धत आहे, लेबल तिथून आलं असेल. खऱ्या ओरिगॅनोचं पान नखाएवढं, पातळ, आणि झाड जमिनीलगत पसरतं.

इथे नावांचा तिहेरी गुंता आहे. मसाल्याच्या डब्यातला ओवा हा कोथिंबिरीच्या कुळातला. त्याचं बी खातो. पानओवा पुदिन्याच्या कुळातला. त्याला तो दाणा कधी येत नाही. लोक मला विचारतात की इतकी वर्षं झाड आहे, ओवा का धरत नाही. ते झाडच वेगळं. मग दोघांना एकच वास कसा? ओव्यातलं वासाचं मुख्य द्रव्य थायमॉल. हे नाव पडलं थाइमवरून, कारण थाइममध्येही तेच आहे. ओरिगॅनोत त्याचं जुळं भावंड, कार्व्हाक्रॉल, जास्त. पानओव्यात ही दोन्ही सापडतात. म्हणजे पिझ्झ्यावरच्या पुडीला जो 'परदेशी' वास येतो, तो आपल्या आजीच्या ओव्याच्या अर्काचाच चुलतभाऊ आहे.

तरी पानओवा पिझ्झ्यावर टाकू नका. पानात पाणी फार, भट्टीत ते उकडतं आणि वास एकदम औषधी होतो. पोरांचं तोंड वाकडं होणारच. बेसनात बुडवून तळा, जाड पान तिथे शोभतं. आणि झाड उपटू नका. रोपवाटिकेत मिळणाऱ्या सगळ्या हर्बमध्ये नाशिकच्या गॅलरीत सर्वांत बिनत्रासाचं तेच आहे.

खरा ओरिगॅनो घ्यायचा तर नावावर जाऊ नका, पान चावून बघा. जीभ झणझणली, किंचित बधिर झाली तर घ्या. नुसता गवताचा स्वाद आला तर सोडा, मग लेबलवर इटली लिहिलेलं असो की ग्रीस. बियाण्यातून सगळी रोपं एकसारखी तिखट निघत नाहीत, म्हणून मी आवडलेल्या झाडाच्या काड्याच लावतो. बी पेरायचंच असेल तर वर माती टाकू नका, ते धुळीसारखं बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो.

याहून सोपी वाट मरव्याची. पंचवटीत फुलवाल्या मावशींच्या टोपलीत जो मरवा असतो, तो ओरिगॅनोचा सख्खा भाऊ. वंश एकच, ओरिगॅनम. युरोपात त्याला मार्जोरम म्हणून सूपात, बटाट्यात घालतात, आपण आंबाड्यात माळतो. स्वाद ओरिगॅनोपेक्षा गोड आणि मवाळ. माझ्या घरी टोमॅटोच्या साराला शेवटी चार पानं जातात. आईला आधी पटलं नव्हतं, म्हणाली गजरा शिजवतोस का. मात्र फुलबाजारातली जुडी थेट खाऊ नका. ती माळायला पिकवलेली असते, फवारणी किती आणि कधी केली हे कोणी बघत नाही. मुळासकट रोप आणा, दोन महिने घरी वाढवा, नव्या फुटीची पानं खा.

बेझिल. याला परदेशी समजू नका. फालुद्यात जो सब्जा घालतो, त्याच जातीचं हे झाड. फक्त इटलीत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पान मोठं आणि बडीशेपेचा वास कमी केलेला. सब्ज्याचं बी पेरलंत तर उगवेल, चालेलही, पण प्रत्येक रोपाचा वास निराळा, कुणाला बडीशेप, कुणाला लवंग. तुमच्या बेझिलची पानं कडवट झाली कारण ते तुऱ्यावर आलं. झाडाचा सगळा जीव मग बियांकडे जातो, पानं बारीक आणि राठ होतात. उपाय तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे: आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची ना? कशासाठी, तर तुळस टिकावी म्हणून. हेही तेच. रोप वीतभर झालं की तिसऱ्या जोडीच्या वर शेंडा खुडा, त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून दोन फुटवे येतात. त्यांचे शेंडे पुन्हा खुडा. पानं एकेक करून तोडू नका, काडीच तोडा. आत्ता तुरे कापून टाका, तळाची दोन-तीन जोड्यांची हिरवी फूट ठेवा, आणि कापलेल्या काड्या पाण्यात ठेवा. आठवड्यात मुळं फुटतील, तुमची दिवाळीची रोपं तयार.

थंडीला मात्र ते भारी नाजूक. पारा 10 अंशांखाली गेला की पानांवर काळे डाग. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत 5-6 अंशांपर्यंत उतरतं, तिथे उघड्यावर बेझिलची आशाच करू नका. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर भिंतीच्या उबेनं जगेल, पण वाढणार नाही. आणि याच कारणासाठी जुडी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. फुलदाणीसारखी पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवा, वरून पिशवी सैल पालथी घाला. निम्म्या तक्रारी 'तुमचा माल काळा पडला' अशा येतात आणि निम्म्या वेळा तो फ्रिजनं काळा केलेला असतो. चटणी, म्हणजे पेस्तो, काळी पडत असेल तर पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, मग वाटा. चिलगोज्याच्या भावात पडायची गरज नाही, भाजलेले शेंगदाणे आणि लसूण पुरेत. इटालियन माणसाला सांगू नका.

बेझिलच्या पानावर शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे आणि पालथ्या बाजूला राखाडी-काळसर धूळ दिसली, तर ती त्याची डावणी. नाव तेच, पण द्राक्षाच्या डावणीहून वेगळा रोग. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोपं विरळ ठेवा, पानं ओली राहू देऊ नका, पाणी सकाळी बुडाशी. घरात द्राक्षाचं औषध पडलेलं असेल तर ते उचलून मारायचा मोह होईल. मारू नका. त्याचं लेबल क्लेम, म्हणजे वापराची मंजुरी, द्राक्षाला आहे, आणि द्राक्षात फवारणी ते काढणी यात बरेच दिवस जातात. बेझिल तुम्ही परवा खुडून कच्चंच खाणार आहात.

पुदिन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो तुम्हालाच शिकवेल. वेगळ्या कुंडीत ठेवा, नाहीतर जमिनीखालच्या धावऱ्यांनी शेजाऱ्याची जागा खातो. महिन्या-दीड महिन्यानं दोन बोटं ठेवून सपाट कापा, वर्षातून एकदा उपटून नव्या धावऱ्या लावा. एप्रिल-मेमध्ये पानं फिकट, ठिपकेदार झाली तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड. पालथ्या बाजूला पाण्याचा जोरात फवारा मारा. पेपरमिंटचं 'बी' विकत घेऊ नका. पेपरमिंट हा दोन पुदिन्यांचा संकर आहे आणि तो वांझ आहे. पाकिटातून जे उगवेल ते दुसरंच काहीतरी असेल.

तुम्ही विचारलंय की आपला पुदिना तोंडात गोळीसारखा गार का लागत नाही. गारवा मेंथॉलचा. जिभेवरच्या ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, खरा थंडपणा कळतो, त्यालाच मेंथॉल चिथावतं, म्हणून गार नसताना गार वाटतं. हा ग्राहक मेंथॉल वापरूनच सापडला, आणि तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुशियन यांना 2021 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल नगण्य, कार्व्होन भरपूर. तेच कार्व्होन शेपूच्या दाण्यांतही आहे, फक्त आरशातल्या प्रतिबिंबासारखं उलटं, डाव्या-उजव्या हातासारखं. अणू तेच, रचना उलटी, आणि नाकाला एक पुदिना, दुसरा शेपू. घरात शेपू नको म्हणणाऱ्यांना हे ऐकवून मी अजून कुणाचं मत बदललेलं नाही.

वाळवायचं असेल तर ओरिगॅनो, थाइम, रोझमेरी, मरवा वाळवा; सावलीत, वारा खेळता, बेदाण्याच्या शेडसारख्या जाळीवर. उन्हात टाकलं तर रंग आणि वास दोन्ही उडतात. बेझिल वाळवून हाती कडबा येतो.

राहिला सासऱ्यांचा अर्धा एकर. इथे माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आजूबाजूला द्राक्षबागा असतील तर तिथे लावू नका. या पाल्याचा सर्वांत चांगला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर सर्वांत जास्त फिरतो तोही याच काळात. वाऱ्याबरोबर येणारं औषध तुमच्या पानावर बसणार, आणि पान हेच तुमचं पीक. द्राक्षवाल्यांना मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची किंमत सांगायला नको. 2010 साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात आपला माल अडकला तेव्हा काय झालं, ते सासऱ्यांना पाठ असेल. त्यात वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारलेल्या बागेच्या वरच्या थरात तांबं साठलेलं असतं, आणि जुन्या बागेत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, असतातच. ते बेझिलच्या मुळांना आनंदानं गाठी आणतात.

लावायचंच ठरवलं तर आधी माती तपासा; तांबं, क्षारता आणि मुक्त चुना बघायला सांगा. पुढच्या जूनमध्ये सगळ्या तुकड्यात झेंडू घ्या. सूत्रकृमी दबतात आणि दसऱ्याला चार पैसे येतात. वाऱ्याच्या बाजूला गजराज गवताचे दाट पट्टे. मग एकच गुंठा, 1089 चौरस फूट, शेडनेटखाली. मुरमाचे उंच वाफे करा, गुडघ्याला लागतील इतके, आणि पावसाळ्यात वर प्लास्टिक. हसू नका, एक गुंठा पुष्कळ होतो. हॉटेलला हा माल क्विंटलनं लागत नाही. एक स्वयंपाकघर आठवड्यात दोनदा दोन-तीन किलो घेतं, पण ते दोनदा म्हणजे दोनदाच, लग्नसराई असो की संप. माझा एक चांगला गिऱ्हाईक दोन वर्षांची उधारी ठेवून बंद पडला, तेव्हापासून मी पंधरा दिवसांच्या वर बाकी चालू देत नाही. आधी तीन स्वयंपाकघरं पक्की करा, मग वाफा आखा. कांदा पडला तरी लासलगावला लिलावाला नेता येतो, थाइमचा लिलाव कुठेच होत नाही.

तुमच्या गॅलरीपुरतं आत्ता एवढंच करा: थाइम मुरमात हलवा, बेझिलचे तुरे कापा, पानओव्याची भजी तळा. रोझमेरी आत्ता विकत घेऊ नका, हस्ताचा पाऊस अजून जायचाय. नोव्हेंबरात गिरणाऱ्याच्या बाजूला आलात तर दहा-बारा काड्या देईन. चार बोटांच्या हिरव्या शेंड्याच्या काड्या, खालची पानं काढून ओल्या कोकोपीट-परलाइटमध्ये खोचल्या की महिनाभरात मूळ धरतात. येताना कुंडी आणू नका, डबा आणा, काड्या ओल्या फडक्यात न्यायच्या असतात.